लाईट गेली तरी जगणारा फिश टँक

गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, की शेवटी 'इतर विषय' निघतात. गेल्या काही महिन्यांत त्यात एक प्रश्न वरचेवर येतोय. शाळेला, अंगणवाडीला, दवाखान्याला शोभेचे फिश टँक तयार करून द्यायचे आणि ते सांभाळायचे, असा जोडधंदा गटाला जमेल का? आज त्याबद्दल बोलू. धंद्याचं शेवटी सांगतो. आधी टँक जगला पाहिजे.

आम्ही गावोगावी फिरतो तेव्हा मेलेले टँक पुष्कळ दिसतात. कुणीतरी हौसेने देणगी दिलेली असते. पहिले दोन महिने मुलं काचेला नाक लावून उभी राहतात. मग लाईट सहा-सहा तास जाते, हवेचा पंप बंद पडतो, सकाळी मासे उलटे तरंगतात. पुन्हा मासे आणले जातात, पुन्हा मरतात. शेवटी त्या टँकमध्ये खडू आणि डस्टर ठेवतात. मुलं मात्र एवढंच शिकतात की मासा हा मरायलाच आणायचा असतो. हे आम्हाला फार वाईट वाटतं.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या तळ्यात रोज चालू असतो. तळ्याला कुठे पंप असतो? तळाशी माती असते, मातीत झाडं असतात, आणि मासे त्या झाडांच्या जिवावर जगतात. हेच काचेच्या पेटीत करता येतं. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड या बाईंनी १९९९ साली यावर एक पुस्तक लिहिलं. तेव्हापासून साधी माती आणि भरपूर झाडं वापरून केलेल्या टँकला जगभरातले हौशी लोक त्यांच्याच नावाने ओळखतात.

हे चालतं कसं, ते आधी समजून घेऊ, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप सुचतं. मासा खातो आणि घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. गोठा दोन दिवस झाडला नाही तर नाकात जातो ना, तोच वास. पाण्यात अमोनिया थोडा वाढला तरी माशाचे कल्ले पोळतात. पण पाण्यात दोन प्रकारचे जिवाणू असतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही माशाला विषारीच. दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो, ते बरंच कमी घातक. आणि झाडं? आपण उसाला युरिया का टाकतो? नत्रासाठी. पाण्यातल्या झाडांनाही नत्रच हवं असतं. ती अमोनिया थेट शोषून घेतात आणि वाढतात. म्हणजे माशाची घाण हे झाडांचं खत. शिवाय उजेडात झाडं पाण्यात प्राणवायू सोडतात. शाळेत हायड्रिलाचा प्रयोग पाहिला असेल, त्यातले बुडबुडे आठवा.

हे जिवाणू म्हणजे विरजण समजा. विरजण लागायला वेळ द्यावा लागतो. टँक 'घाण झाला' म्हणून सगळं पाणी ओतून, वाळू खळखळून धुणं म्हणजे विरजणाचं भांडं साबणाने घासून मग दही का लागत नाही म्हणून विचारणं. सगळ्यात जास्त मासे या स्वच्छतेनेच मरतात.

आता पेटी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ही सुरुवातीला सोयीची. यात काठोकाठ सुमारे ५५ लिटर पाणी मावतं. माती-वाळूसकट भरल्यावर वजन साठ-सत्तर किलोवर जातं, म्हणजे सिमेंटच्या पोत्यापेक्षा जड. तेव्हा लटपटत्या टेबलावर नको. खाली थर्माकोलची शीट घाला, म्हणजे काचेवर एकाच ठिकाणी भार येत नाही. काच पाच मिलिमीटर जाडीची घ्या. चिकटवायचं सिलिकॉन फिश टँकसाठीचं आहे हे वाचून घ्या. न्हाणीघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारं औषध असतं आणि ते पाण्यात उतरतं. काच नकोच असेल तर रुंद तोंडाचा प्लास्टिकचा टब चालतो. खरं तर शिकायला टबच बरा.

मातीबद्दल मात्र थांबून ऐका. काळी कापसाची माती नको, ती फुगते आणि पाणी गढूळ करते. नदीकाठची पोयट्याची किंवा परसातली साधी माती घ्या. जिथे तणनाशक, कीटकनाशक मारलंय तिथली नको. शेणखत घातलेली नको, युरिया टाकलेली तर नकोच. कुणी म्हणेल, खत असलं तर झाडं जोमाने येतील. पाण्याखाली ते खत कुजतं आणि सगळा अमोनिया पाण्यात येतो. माती वाळवून चाळा, बादलीत भिजवा, वर तरंगणारा काडीकचरा काढून टाका. असं दोन-तीनदा करा. मग पेटीत इंचभर थर द्या आणि त्यावर धुतलेल्या वाळूचा इंचभर थर. वाळू जास्त जाड केली तर खाली हवा पोचत नाही, माती सडते आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तसा वास आलाच तर बारीक काडीने जागोजागी हलकेच टोचून गॅस मोकळा करा.

झाडं पहिल्याच दिवशी दाट लावायची. पुढे वाढतील म्हणून दोन काड्या रोवल्या तर झाडांऐवजी शेवाळ वाढतं. हायड्रिला आपल्या तळ्यांत, कालव्यांत असतेच. लांब पात्यांची व्हॅलिस्नेरिया मातीत लावा. सेराटोफायलमला मुळंच नसतात, ती नुसती पाण्यात सोडा. तिघीही झपाट्याने वाढतात, आणि आपल्याला घाण शोषणारी अशीच खादाड झाडं हवीत. तळ्यातून आणलेली झाडं मात्र दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा. त्यांच्याबरोबर जळवा आणि चतुराच्या अळ्या येतात, आणि चतुराची अळी माशाची पिल्लं खाते. बारीक गोगलगायी आल्या तर येऊ द्या, त्या कुजकी पानं खातात.

वाळूवर ताटली ठेवून त्यावर हळू पाणी ओता, म्हणजे माती उसळत नाही. आणि पाणी कोणतं? ग्रामपंचायत विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकते. त्यातला क्लोरीन आपल्याला रोगापासून वाचवतो, पण माशाला आणि आपल्या विरजणाला मारतो. म्हणून पाणी उघड्या, रुंद भांड्यात एक दिवस ठेवून, अधूनमधून ढवळून वापरा. बोअरचं जड पाणी गप्पी माशांना आवडतंच. आरओच्या जारचं पाणी विकत आणू नका, त्यातले क्षार काढलेले असतात आणि ते क्षार झाडांना-माशांना हवे असतात.

आता तीन आठवडे मासे नाहीत. या दिवसांत पाणी दुधासारखं पांढुरकं दिसेल. ती जिवाणूंची लगबग असते, आपोआप निवळते. पण लक्षात ठेवा, मासे नसलेलं साठलेलं पाणी म्हणजे डासांचं घर. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत अळीचा डास होतो. एकीकडे कोरडा दिवस पाळायचा आणि दुसरीकडे हे, असं नको. तोंडाला नायलॉनची जाळी किंवा जुन्या साडीचा तुकडा घट्ट बांधा. मासे सोडल्यावर अळ्यांची चिंता उरत नाही, तेच त्या फस्त करतात.

मासे कोणते, यावर बैठकीत नेहमी वाद होतो. सगळ्यांना गोल्डफिश हवा असतो. तो मोठा होतो, घाण फार करतो आणि झाडं उपटून खातो. या टँकला तो चालत नाही. गप्पी घ्या. सुरुवातीला सहा पुरेत. ती अंडी न घालता थेट पिल्लं देते, महिन्याभराने पुन्हा देते, त्यामुळे गर्दी आपोआप होते. एकटा फायटर ठेवला तरी छान. तो वर येऊन हवा घेऊ शकतो, पण दोन नर एकत्र कधीच नकोत. मासे आणल्यावर पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग पिशवीत टँकमधलं पाणी थोडं थोडं मिसळा आणि मासे अलगद सोडा.

खायला दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. शाळेत प्रत्येक मूल कुरमुरा टाकतं, शिपाईमामा पोळीचा तुकडा टाकतात, आणि दुपारपर्यंत तळाशी सगळं आंबतं. म्हणून एका वर्गाला एक वार नेमून द्या. रविवारी उपास पडला तर माशाचं काही बिघडत नाही.

उजेड आठ ते दहा तास हवा. उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी चांगली, पश्चिमेचं ऊन थेट नको. पाणी हिरवं होऊ लागलं तर उजेड आणि खाद्य दोन्ही कमी करा. रात्री झाडंही प्राणवायू घेतात, म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करत असले तर मासे जास्त झालेत किंवा काहीतरी कुजतंय. दिवसभर तसंच दिसलं तर अमोनियाचा संशय धरा आणि लगेच निम्मं पाणी बदला. एरवी पहिले दोन महिने आठवड्याला पाव पाणी बदला, पुढे महिन्यातून एकदा पुरतं. काढलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घाला, खत आहे ते. उन्हाळ्यात आटलेलं पाणी भरत राहा, पण नुसतं भरून भागत नाही. वाफ पाण्याची होते, क्षार मागेच राहतात. गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. पंचवीस अंशाला लिटरमध्ये सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तीस अंशाला ७.६. म्हणून एप्रिल-मेमध्ये टँक पत्र्याखाली नको, बाहेरून ओलं फडकं गुंडाळा आणि तेव्हा नवे मासे आणू नका.

एक धोका गावात हमखास विसरला जातो. डासांच्या धूरफवारणीतली, कॉइल आणि लिक्विडमधली, पिकावरची आणि गुरांच्या गोचिडांवरची बरीच औषधं एकाच घराण्यातली असतात आणि माशांना ती अगदी थोडीही घातक ठरतात. फवारणीचा दिवस कळला की टँक प्लास्टिकने झाका. म्हशीला गोचिडाचं औषध लावून आलेला हात, धुतला तरी, त्या दिवशी पाण्यात घालू नका.

आता धंदा. यासाठी गटातून कर्ज उचलू नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. दोन टब करा, एकात झाडं, एकात गप्पी. सहा महिने, म्हणजे मधला उन्हाळा धरून, ते टिकले तर मग एक काचेचा टँक करा आणि गावातल्याच शाळेत ठेवा. आमच्या मते पैसा टँक विकण्यात कमी आणि सांभाळण्यात जास्त आहे. महिन्याची फेरी, छाटणी, पाणी बदलणं, मुलांना चार गोष्टी सांगणं, याचे पैसे ठरवून, लिहून घ्या. छाटलेली झाडंही जुड्या बांधून विकता येतात.

पण उरलेले मासे किंवा झाडं ओढ्यात, तळ्यात टाकायची नाहीत. आपण आवडीने खातो ती चिलापी मूळची आफ्रिकेतली. १९५२ साली ती भारतात आणली आणि आज कितीतरी धरणांत आपल्या देशी माशांची जागा तिने घेतली आहे. जलपर्णीने नद्यांचं काय केलंय ते पुलावरून दिसतंच. गप्पी जास्त झाले तर दुसऱ्या गटाला द्या, आणि छाटणी गांडूळखताच्या खड्ड्यात टाका. तिथे ती लवकर कुजते.