गादीचा फोम, हिवाळी ब्लँकेट आणि बोलकी बाहुली : वर्गात टिकणारी बाहुली कशी बनते?

हिंगोली जिल्ह्यातल्या तांड्यांवरून जिल्हा परिषदेच्या शाळेत येणारी अनेक मुले घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात. पहिलीचे पुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते. शब्द चुकला तर वर्ग हसेल या भीतीने मूल गप्प बसते आणि गप्प बसते म्हणून ‘मागे’ ठरते. इथे हातात घालायची बोलकी बाहुली उपयोगी पडते. बाहुलीलाच मराठी येत नसेल, तर मूल तिला शिकवायला पुढे येते. पण चार दिवसांत फाटणारी किंवा तोंड न उघडणारी बाहुली कामाची नाही. म्हणून ती बनते कशी, हे समजून घेऊ.

ही बाहुली वेगळी कशी?

महाराष्ट्राला बाहुल्या नव्या नाहीत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या लाकडी असून दोऱ्यांवर नाचतात. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचे अर्धवटराव घराघरांत पोहोचले. ‘झपाटलेला’ (1993) या चित्रपटातला तात्या विंचूही पाध्ये यांनीच घडवला. फोम आणि मऊ कापडाची, आत हात घालून तोंड हलवायची बाहुली लोकप्रिय केली ती अमेरिकेच्या जिम हेन्सन यांनी. त्यांचा बेडूक ‘कर्मिट’ 1955 मध्ये आईच्या जुन्या कोटाच्या कापडापासून बनला आणि डोळ्यांना टेबल टेनिसचा चेंडू कापून लावला. भारतात 2006 मध्ये सुरू झालेल्या ‘गली गली सिम सिम’ मधली चमकी याच कुळातली.

साहित्य कुठे मिळते?

- फोम : गादी-सोफ्याच्या दुकानातला साधारण अर्धा इंच जाडीचा पॉलियुरेथेन फोम. चिमटीत दाबून सोडल्यावर लगेच फुगला पाहिजे. बोटांना भुगा लागत असेल तर तो जुना झाला असे समजावे.
- फ्लीस : हिवाळ्यातली हलकी ब्लँकेट, मुलांची जॅकेट याच कापडाची असतात. हे पॉलिएस्टर कापड 1979 मध्ये अमेरिकेत विकसित झाले. ते विणलेले आणि वर केसाळ असते, त्यामुळे कडेला दोरे सुटत नाहीत.
- चिकटवण्यासाठी : चपला आणि सोफे दुरुस्त करणारे वापरतात ते रबरी सोल्यूशन. पांढरा डिंक वाळल्यावर कडक होतो आणि जोड उकलतो.
- इतर : धारदार ब्लेड, पुठ्ठा किंवा जुन्या फाइलचे प्लास्टिक, इलॅस्टिक, सुई-दोरा.

सपाट फोमचे गोल डोके

मोसंबीची साल चार पाकळ्यांत सोलली की ती टेबलावर सपाट पसरते. डोक्याचा पॅटर्न म्हणजे हाच प्रकार उलट्या दिशेने. कागदावर पाकळ्यांचा आकार काढून तो फोमवर उतरवायचा. ब्लेड अगदी सरळ उभे धरून कापायचे. ते तिरके गेले तर जोडावर उंचवटा येतो आणि तो कापडातूनही दिसतो.

सोल्यूशन दोन्ही कडांना पातळ लावून पाच-दहा मिनिटे थांबावे. बोट लावल्यावर चिकटत नाही इतके वाळले की कडा थोड्या-थोड्या दाबत जोडाव्यात. एकदा चिकटले की सरकवता येत नाही. या सोल्यूशनची वाफ डोक्यात जाते आणि ती पेटही घेते. म्हणून काम उघड्या जागी, चुलीपासून दूर आणि मोठ्यांनीच करावे. मुलांना कागद कापणे, कापड निवडणे, केस लावणे ही कामे द्यावीत.

तोंडात सगळी मेख

दोन अर्धगोल कडक तुकडे घ्यायचे. त्यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून कापडी पट्टीने जोडायचे, म्हणजे बिजागरी तयार होते. फट ठेवली नाही तर तोंड पूर्ण मिटत नाही. नुसता पुठ्ठा हाताच्या घामाने मऊ पडतो, त्यामुळे फाइलचे प्लास्टिक बरे. मागच्या बाजूला वर चार बोटांसाठी आणि खाली अंगठ्यासाठी इलॅस्टिक लावावे. ते नसेल तर तोंड मिटते, पण उघडताना हात आतून निसटतो.

शिवण लपते कशी?

फ्लीस ओढून पाहावे. ज्या दिशेला जास्त ताणते, ती दिशा डोक्याभोवती आडवी यायला हवी. डोक्याच्याच पॅटर्नवरून कापड कापून कडा समोरासमोर आणायच्या. सुई एकदा या कडेतून, एकदा त्या कडेतून शिडीच्या पायऱ्यांसारखी न्यायची. पाच-सहा टाके झाले की दोरा ओढायचा. टाके आत जातात. वरून जुन्या टूथब्रशने केस फिरवले की जोड जवळजवळ दिसेनासा होतो. बाहुली बनवणाऱ्यांत ही ‘हेन्सन शिलाई’ म्हणून ओळखली जाते.

डोळ्यांत जीव कसा येतो?

टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून दोन डोळे करता येतात. बुबुळे बरोबर मध्यभागी काढली तर बाहुली कुठेच पाहत नाही असे वाटते. दोन्ही बुबुळे किंचित नाकाकडे घेतली की नजर समोरच्यावर स्थिरावते. पक्के चिकटवण्याआधी डोळे तात्पुरते लावून पाच-सहा पावलांवरून पाहावे. लहान मुले हाताळणार असतील तर मणी, बटणे नकोत. ती निघाली की थेट तोंडात जातात.

तोंड आणि शब्द यांचा मेळ

नवखा माणूस सगळा हात वर फेकून तोंड उघडतो, त्यामुळे बाहुली छताकडे बघते. वरची चार बोटे स्थिर ठेवून अंगठा खाली न्यायचा. उच्चारात जितके ठोके, तितक्या वेळा तोंड उघडायचे. ‘नमस्कार’ला तीनदा : न-मस्-कार. ‘मांजर’ला दोनदा : मां-जर. शब्द उमटताना तोंड उघडायला हवे, मिटताना नव्हे. मनगट थोडे खाली झुकवले की नजर मुलांकडे जाते. आरशासमोर रोज दहा मिनिटे सराव केला की हात बसतो.

मराठवाड्याचा उन्हाळा

फोमला ऊन सोसत नाही. तो पिवळा पडतो आणि पुढे भुगा होतो. पत्र्याखालच्या पेटीत उष्णतेने चिकटवलेले जोडही सुटू शकतात. बाहुली कापडी पिशवीत, सावलीत, डोक्यात जुने कापड भरून ठेवावी. धुवायला टाकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

वर्गात वापरताना

बाहुलीच्या तोंडून रागावणे किंवा धडा वदवून घेणे टाळावे. तसे केले तर ती मुलांसाठी दुसरा शिक्षकच होते. तिने चुकावे, विसरावे, विचारावे : ‘पाण्याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ मूल घरचा शब्द सांगेल, बाहुली तो घोकेल, मग मराठी शब्द फळ्यावर येईल. जे मूल अजिबात बोलत नाही, त्याच्याच हातात बाहुली द्यावी. वर्गाच्या नजरा बाहुलीकडे वळतात आणि मुलाला बोलायला आडोसा मिळतो. शिक्षकांना रीतसर शिकायचे असेल, तर नवी दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र (सीसीआरटी) शिक्षणातील बाहुलीनाट्यावर कार्यशाळा घेते. पहिल्या बाहुलीसाठी मात्र अर्धा इंच फोम, एक जुने ब्लँकेट आणि सुट्टीचे दोन दिवस पुरेसे आहेत.