ऑसिलोस्कोपचे आंकडे वाचतांना

श्रोतेहो, मी मिरजगांवचा एक निवृत्त शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां आजचा विषय माझ्या अधिकाराचा नव्हे, हें प्रथमच कबूल करतों. परंतु प्रसंगच असा घडला कीं, मला तो समजून घेणें भाग पडलें.

गेल्या उन्हाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो गांवांत इन्व्हर्टर व पंपांचे स्टार्टर दुरुस्त करतो. त्याला ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या दाबाचा चढउतार पडद्यावर रेषेनें दाखविणारें यंत्र, घ्यावयाचें होतें. माहितीपत्रकावर बोट ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, कमाल दाब ३०० व्होल्ट, शिखरमूल्य. घरांतली वीज २३० ची. थेट जोडलें तर चालेल ना?"

चालणार नव्हतें. २३० हें विजेचें परिणामी मूल्य होय. तेवढ्याच स्थिर दाबानें जितकी उष्णता निर्माण होईल, तितकी ती वीज करते. तिचें शिखर १.४१ पट उंच, म्हणजे सुमारें ३२५ व्होल्ट असतें. शिवाय प्रोबचा चिमटा बहुतेक यंत्रांत आंतून अर्थिंगला जोडलेला असतो. तो फेजला लागला तर शॉर्टसर्किट होऊन यंत्र जळेल आणि जिवावरही बेतेल. या कामाला त्या दाबासाठीं बनविलेला डिफरन्शिअल प्रोबच हवा.

दुसरा शब्द बँडविड्थ. १०० मेगाहर्ट्‌झ म्हटलें म्हणजे तेथवर सर्व यथातथ्य दिसेल, असा समज होतो. वस्तुतः त्या मर्यादेवर लाटेची उंची खऱ्या उंचीच्या सुमारें ७० टक्केच दिसते. म्हणून उंची नीट मोजावयाची असल्यास लाटेच्या आवर्तनसंख्येच्या तिप्पट ते पांचपट बँडविड्थ घ्यावी.

तिसरा शब्द सँपलिंग रेट. अंकीय यंत्र लाट अखंड पाहत नाहीं. ठराविक अंतरानें नमुने घेतें. सेकंदास १ गिगासँपल म्हणजे १०० कोटी नमुने. परंतु मेमरी १० लाख नमुन्यांचीच असेल, तर ती एक सहस्रांश सेकंदांत भरते. पंप मोठा आणि हौद लहान, असा हा प्रकार! आपल्या ५० हर्ट्‌झ विजेचें एक आवर्तन २० सहस्रांश सेकंदांचें. तें पुरें सांठवावयाचें तर यंत्राला सेकंदास ५ कोटी नमुन्यांवर उतरावें लागतें. यासाठीं हे दोन्ही आंकडे एकत्र वाचावे.

विद्यार्थ्यानें पुढें थोडें थांबून डिफरन्शिअल प्रोबसह यंत्र घेतलें. मला मात्र एक गोष्ट लागून राहिली. वर्गांत मीं वर्षानुवर्षें "घरची वीज २३० व्होल्ट" एवढेंच घोकवून घेतलें. तो आंकडा कशाचा, हें कधीं सांगितलें नाहीं. त्या मुलानें विचारलें, म्हणून निभावलें. ज्यांनीं विचारलें नाहीं, त्यांच्यासाठीं हें आजचें भाषण.