खेळाचा तास आणि डॉक्टरांचा दाखला

पेडणे तालुक्याची उत्तर सीमा तेरेखोल नदीने आखलेली आहे. नदीपलीकडे सावंतवाडीचा मुलूख. सोयरिकी दोन्ही काठांवर पसरलेल्या, देवदैवते तीच, शिगमाही तोच. परंतु १९६१ पर्यंत या दोन काठांवरील शाळांत मुलांच्या शरीराकडे पाहण्याची दृष्टी मात्र दोन निरनिराळ्या दिशांनी आलेली होती. आपल्याकडील शारीरिक शिक्षणाचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी लागते.

पोर्तुगीज शाळांतील कवायतीचे मूळ स्वीडनमध्ये आहे. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामसंस्था स्थापन केली. स्नायू व सांधे यांचा विचार करून रचलेली त्यांची पद्धत युरोपभर पसरली आणि पोर्तुगालच्या लिसेवांतही रुजली. पुढे १९३६ साली सालाझार राजवटीने ‘मोसिदाद पोर्तुगेझा’ ही युवक संघटना काढली, तेव्हा व्यायामाला गणवेश, सलामी आणि राजनिष्ठा यांची जोड मिळाली. हे सारे प्रामुख्याने लिसेवापुरते, म्हणजे पणजीपुरते. डिचोली, सत्तरी व पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आले. सत्ता आली, पण तिच्या मागोमाग शाळा फारशा आल्या नाहीत. येथील मुलाचे व्यायामशिक्षण कोयंडोबालात, तळीच्या पाण्यात, भाताच्या मळ्यात आणि शिगम्याच्या रोमटात झाले. मुलींसाठी धालो आणि फुगडी होती. फुगडीला कोणी व्यायाम म्हणत नाही, हे आपले अज्ञान होय. पाच मिनिटे जोमाने फुगडी घातलेल्या मुलीची नाडी मोजून पाहावी. मग तिला निराळ्या प्रमाणपत्राची गरज उरणार नाही.

नदीपलीकडच्या मराठी मुलुखात याच काळात फार मोठे काम उभे राहत होते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नावारूपाला आणला, ही परंपरा जुनी. विसाव्या शतकात तिला संस्थांचे रूप आले. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला, त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. बडोद्याला प्रो. माणिकरावांनी सांघिक व्यायाम आणि देशी भाषेतील आज्ञा रूढ केल्या, तर द. चिं. मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ संपादित केला. आम्हां डॉक्टरांना सर्वाधिक अगत्य वाटावे ते स्वामी कुवलयानंदांचे. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्यांनी आसने व प्राणायाम यांचा क्ष-किरण आणि शरीरक्रियाशास्त्र यांच्या साहाय्याने अभ्यास आरंभिला आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. व्यायाम श्रद्धेवर न सोपविता मोजून पाहावा, ही त्यांची वृत्ती होती. १९३८ साली मुंबई सरकारने कांदिवली येथे शारीरिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था काढली आणि खेळाचा शिक्षक हा प्रशिक्षित शिक्षक असावा, ही कल्पना रूढ होऊ लागली.

सीमेच्या अगदी जवळचे एक नाव मात्र आपल्या विस्मरणात गेले आहे. आझाद हिंद सेनेतील सेनानी जनरल जगन्नाथराव भोसले हे सावंतवाडी संस्थानातील तिरोड्याचे. स्वातंत्र्यानंतर केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री असताना निर्वासितांच्या वसाहतींतील मुले त्यांच्या दृष्टीस पडली आणि १९५४ साली दिल्लीत त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. घरदार गमावलेल्या मुलांना कवायत, समूहगीत आणि खेळ यांनी पुन्हा उभे करावे, असा तिचा हेतू होता. पुढे कुंझरू समितीने या योजनेचा, शाळांतील शारीरिक शिक्षणाचा व छात्रसेनेच्या कनिष्ठ शाखेचा एकत्र विचार केला आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय सुदृढता दल हा एकत्रित कार्यक्रम आला. कालांतराने तोही ओसरला. योजनांची नावे बदलत गेली, आणि मुलाला रोज घाम येतो की नाही हा प्रश्न फायलींच्या बाहेरच राहिला.

मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले भाऊसाहेब बांदोडकर मूळचे पेडण्याचे, आणि स्वतः क्रीडाप्रेमी. १९६३ ते १९७३ या त्यांच्या कारकिर्दीत वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. देवळाचा मंडप, कोणाची ओसरी, जी जागा मिळेल तेथे वर्ग भरले. शाळा वाड्यापर्यंत पोचली, मैदान मात्र तिच्याबरोबर पोचले नाही. त्या घाईला दोष देणे अन्यायाचे ठरेल. अक्षर आधी की मैदान, या प्रश्नाचे त्या पिढीचे उत्तर बरोबरच होते. शिवाय मैदान गावात होतेच. भाताची कापणी झाली की मळा मोकळा होई आणि पावसापर्यंत त्यावर फुटबॉल चाले.

आता तो मळाच राहिलेला नाही. पेडण्यात जमिनीला आलेला भाव, २०२२ साली मोपा येथे झालेला विमानतळ, घरांची नवी संकुले. डिचोलीत खाणींच्या भरभराटीच्या काळात ट्रकांनी व्यापलेले रस्ते, ज्यांवरून मुलाला सायकलने शाळेत धाडण्यास पालक धजावत नसत. २०२३ साली गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरल्या, त्याचा आनंद सर्वांनाच झाला. परंतु मोठ्या क्रीडासंकुलात खेळणारी मुले वेगळी आणि माझ्या बाह्यरुग्ण विभागात मानेवर काळी सुरकुतलेली त्वचा घेऊन येणारी अकरा-बारा वर्षांची स्थूल मुले वेगळी.

कायदा कमी पडत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेस क्रीडांगण आवश्यक ठरविले आहे, तसेच शंभराहून अधिक मुले असलेल्या उच्च प्राथमिक शाळेत आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षकाची तरतूद आहे. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल आवश्यक मानते. वेळापत्रकात आठवड्याचे दोन-तीन तास असतात. त्यांतला एक पावसात जातो, एक गणितवाले मागून घेतात. चार महिन्यांच्या पावसाला उत्तर म्हणून सभागृहातली फुगडी आणि सूर्यनमस्कार कोणी का योजत नाही, हे मला उलगडलेले नाही.

आणि उरलेल्या तासातून सुटका हवी असते, तेव्हा पालक आपल्याकडे येतात. “डॉक्टर, तेवढा पी.टी.चा दाखला द्या हं, दहावीचं वर्ष आहे.” आपल्या वैद्यकसमाजापुढे मला मांडावयाचा मुद्दा हाच आहे. दमा असलेल्या मुलाला खेळातून कायमचे वगळण्यास बहुधा काहीही वैद्यकीय आधार नसतो; दमा नीट आटोक्यात ठेवावा, गरज असल्यास धावण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे सालब्युटामॉलचा पंप द्यावा, अंग हळूहळू तापवावे. हृदयातील निरुपद्रवी मर्मर ऐकून ‘श्रम टाळावेत’ असे लिहिले की ते मूल आयुष्यभर स्वतःला हृदयरोगी समजते. अपस्मार औषधांनी आटोक्यात असेल तर कबड्डी खेळण्यास सहसा हरकत नसते. पोहणे मात्र देखरेखीखाली. मासिक पाळीचे चार दिवस म्हणजे आजार नव्हे. रक्तक्षयाची मुलगी दमते, तिला दाखल्याची नव्हे, लोहाची गरज असते.

खरोखरीची कारणेही आहेत. हृदयस्नायूचा दाह, काही जन्मजात हृदयविकार, अस्थिभंग, तापातून नुकतेच उठलेले मूल, श्रम करताना आलेली मूर्च्छा. येथे विश्रांती किंवा हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला अनिवार्यच. पण त्या दाखल्यावरही दोन गोष्टी असाव्यात: सवलत कोणत्या तारखेपर्यंत, आणि तोवर मूल काय करू शकते. ‘धावणे नको, चालणे व श्वसनाचे व्यायाम चालतील, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी’ एवढे लिहिण्यास एक मिनिट पुरते.

शारीरिक शिक्षकांनाही विनंती आहे की, असा कागद फायलीला लावण्यापूर्वी डॉक्टरांना एक दूरध्वनी करावा. माझ्या अनुभवात तो क्वचितच येतो. जेव्हा आला, तेव्हा मुलाला मैदानाबाहेरच्या बाकावरून उठवून कधी पंच केले, कधी गोलरक्षक केले, आणि एकदा तर खो-खोच्या संघातच घेतले.