ऊस ट्रॉलीचे चाक बदलण्याची हत्यारे : निवड कशी करावी?



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. आपल्यापैकी अनेक सभासदांच्या मालकीचे ट्रॅक्टर-ट्रॉली वाहतुकीला असतात आणि ज्यांचे नसतात त्यांचा ऊस तरी त्याच ट्रॉल्यांतून येतो. ऊस तुटल्यापासून शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा, असे आपण नेहमी म्हणतो. तुटलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते आणि साखरही घटते. फडात सगळे वेळेवर झाले, पण वाटेत टायर बसले आणि ट्रॉलीत धड जॅक नसला, तर भरलेला ऊस रात्रभर रस्त्याकडेला उभा राहतो. हे झाले मालाचे नुकसान. त्याहून मोठे म्हणजे जिवाचे. भरल्या ट्रॉलीखाली घसरलेला जॅक माणसाला सावरायला वेळ देत नाही.

गटागटांतून फिरताना आम्ही ट्रॉल्यांच्या हत्यारपेट्या उघडून पाहिल्या. बहुतेक ठिकाणी आढळले ते असे : तेल गळणारा एक लहान जॅक, दात झिजलेला फिरकीचा पाना, एक पहार आणि दोन दगड. काही ट्रॉल्यांना पेटीच नव्हती. ट्रॉलीला लाखो रुपये घालणारा सभासद हत्यारांच्या बाबतीत “वेळ आली की बघू, कोणाचा तरी मागून घेऊ” असे म्हणतो. परंतु मागून आणलेला जॅक आपल्या ट्रॉलीच्या मापाचा असेलच असे नाही. म्हणून हत्यारे घेताना दुकानदाराला विचारण्याआधी आपल्या ट्रॉलीला विचारावे. तिचा भार किती, एक्सलची उंची किती, नटाचे माप काय? ही तीन उत्तरे हाती असली की निवड अवघड नाही.

जॅक किती टनी घ्यावा?

आपल्याच वजनकाट्याची पावती घ्या. तीवर भरल्या वाहनाचे आणि रिकाम्या वाहनाचे वजन असते. उदाहरणादाखल, रिकामी चारचाकी ट्रॉली २ टन आणि तीत ऊस १० टन, म्हणजे एकूण १२ टन धरू. चार चाकांवर भागले तर एका चाकावर ३ टन येतात. पण हा हिशोब सपाट जागेचा आणि सारख्या भरलेल्या ट्रॉलीचा झाला. मोळ्या एका अंगाला जास्त रचल्या असतील, रस्त्याची बाजू उतरती असेल, तर बसलेल्या चाकावर ४ टनसुद्धा येऊ शकतात. तेव्हा ५ टनी जॅक कागदावर पुरतो, पण प्रत्यक्षात काठावर चालतो. चाकावर येणाऱ्या भाराच्या किमान दुप्पट ताकदीचा जॅक असावा. वरच्या उदाहरणात १० टनी जॅक योग्य. दोनचाकी ट्रॉलीत माल कमी बसतो, पण तोलायला चाकेही दोनच असतात, म्हणून तिला लहान जॅक चालेल असे समजू नये.

तेलाचा म्हणजे हायड्रॉलिक जॅक कमी कष्टात उचलतो, पण आतील वॉशर खराब झाला की हळूहळू खाली बसतो. स्क्रू जॅकला कष्ट व वेळ जास्त लागतो, मात्र तेल गळण्याचा प्रश्न नाही. धुळीत आटे भरतात, त्यांना वरचेवर साफ करून ग्रीस लावावे लागते. दोन्हींपैकी कोणताही चालेल. तेलाचा जॅक घेतल्यास तो पेटीत उभाच ठेवावा आणि त्याचा दांडा त्याच्याबरोबरच बांधून ठेवावा. पुष्कळदा जॅक असतो आणि दांडा घरी असतो!

उंचीचे माप विसरू नका

टायर बसले की एक्सलही खाली येतो. घरी फुगलेल्या चाकावर माप घेऊन आणलेला जॅक ऐन वेळी एक्सलखाली शिरतच नाही. म्हणून रिकाम्या ट्रॉलीच्या एका चाकाची हवा सोडा आणि जमिनीपासून एक्सलच्या खालच्या अंगापर्यंत माप घ्या. पूर्ण मिटलेल्या जॅकची उंची आणि त्याखालच्या फळीची जाडी मिळून या मापापेक्षा कमी पाहिजे. भरल्या ट्रॉलीत एक्सल आणखी थोडा खाली येतो, तेवढी सूट धरावी.

दुसरे टोकही पाहा. बसलेले चाक काढायला जेवढी उंची लागते, त्यापेक्षा फुगलेली स्टेपनी बसवायला जास्त लागते. जॅकची चढ तेवढी आहे ना, हे तपासावे. जॅक शिरत नसेल, तर बसलेल्या चाकापुढे जाड फळी ठेवून ट्रॅक्टर हळूच पुढे घ्यावा आणि चाक फळीवर चढवावे. एक्सल तेवढा वर येतो.

जॅकखालची फळी

ही सर्वांत स्वस्त वस्तू आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी. जॅकचे बूड ५ इंच बाय ५ इंच धरले, तर ते २५ चौरस इंच झाले. त्यावर ३००० किलो भार आला की दर चौरस इंचाला १२० किलो दाब पडतो. काळ्या रानात तो जॅक वर जाण्याऐवजी स्वतःच खाली जातो, तोही तिरपा. तोच जॅक एक फूट चौरस जाड फळीवर ठेवला, तर १४४ चौरस इंचांवर भार वाटला जाऊन दाब सुमारे २१ किलोवर येतो. फळी बाभळीसारख्या चिवट लाकडाची, दोन इंचांहून कमी नको आणि तडा गेलेली नको. जॅकच्या डोक्यावर मात्र लोखंडी तुकडा किंवा दगड ठेवून उंची वाढवू नये. भार आला की तो सटकतो.

जॅक उचलतो, घोडा धरतो

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ही ठेवावी. जॅक हे उचलण्याचे हत्यार आहे, तोलून धरण्याचे नव्हे. चाक बाहेर काढल्यावर ट्रॉली धरून ठेवायला एक्सलखाली लोखंडी घोडा, म्हणजे स्टँड, पाहिजे. तोही भाराच्या हिशोबाने घ्यावा. पातळ अँगलचे तुकडे जोडून गावात केलेला घोडा भरल्या ट्रॉलीला वापरू नये. घोडा नसेल, तर बाभळीचे चौकोनी ठोकळे दोन उभे, त्यावर दोन आडवे, असे चौकटीसारखे रचावेत. मऊ जमिनीवर तर ही रचना घोड्यापेक्षाही चांगली बसते. विटा, सिमेंटचे ठोकळे, गोटे मुळीच नकोत. ते आधी सूचना न देता फुटतात.

घोडा लावलेला असला, तरी ट्रॉलीखाली अंग घालू नये. हात घालायचा तो चाकापुरताच.

पाना आणि पाईप

फिरकीचा पाना नटाला घट्ट बसत नाही, कोपरे खातो आणि नट गोल झाला की छिन्नीशिवाय सुटत नाही. आपल्या नटाच्या नेमक्या मापाचा, सहा कोनी बॉक्स पाना घ्यावा. दुकानात जाताना एक नट खिशात घालून न्यावा, हा उत्तम उपाय. दोन ट्रॉल्या वेगवेगळ्या कारागिरांकडच्या असतील, तर दोन्हींचे नट तपासावेत. मापे सारखी असतीलच असे नाही.

पान्याच्या दांड्यात बसणारा मजबूत पाईप जवळ ठेवावा. दोन फुटांचा दांडा चार फुटांचा झाला की त्याच जोरात दुप्पट पीळ मिळतो. पण हा पाईप नट सोडवण्यासाठी आहे. आवळताना पाईप लावून त्यावर उभे राहिल्यास बोल्ट ताणला जातो आणि पुढे कधीतरी तुटतो. जुन्या मालट्रकचा एक्सल वापरून बांधलेल्या काही ट्रॉल्यांना डाव्या बाजूला उलट्या आट्याचे नट असू शकतात. जोर लावण्याआधी बोल्टचे आटे पाहून घ्यावेत.

स्टेपनी आणि रिंग

स्टेपनी आहे म्हणजे ती आपल्या ट्रॉलीला बसते असे नाही. टायरवर ९.००-१६ लिहिले असेल, तर टायरची रुंदी सुमारे ९ इंच आणि रिंग १६ इंचांची. हे आकडे जुळावेत, रिंगच्या भोकांची संख्या व अंतर जुळावे आणि पीआर म्हणून लिहिलेला आकडा इतर टायरांपेक्षा कमी नसावा. तो भार पेलण्याची ताकद सांगतो. दर पंधरवड्याला स्टेपनीची हवा मापकाने पाहावी. पायाने लाथ मारून हवा कळत नाही.

रस्त्यावर फक्त चाक बदलावे. टायर रिंगवरून उतरवण्याचे काम पंक्चरवाल्याकडेच न्यावे. लॉक रिंग असलेल्या किंवा दोन तुकडे बोल्टने जोडलेल्या रिंगला पहारीने छेडणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. आत हवा असताना ती सुटली, तर गोळ्यासारखी उडते. पूर्ण हवा काढल्याशिवाय तिला हात लावू नये आणि हवा भरताना समोर उभे राहू नये. चाक काढताना हबचे नट कोणते व रिंग जोडणारे बोल्ट कोणते, हे आधी ओळखून घ्यावे.

कामाचा क्रम

ट्रॉली रस्त्याच्या डाव्या कडेला, शक्य तो सपाट आणि टणक जागी घ्यावी. बसलेल्या टायरवर दोन-चार पावलेच चालवावी, नाहीतर टायर-ट्यूब दोन्ही जातात. ट्रॉलीवर बसलेली टोळीतील माणसे, विशेषतः बायका व मुले, आधी खाली उतरवून रस्त्यापासून दूर बसवावीत. ट्रॅक्टर जोडलेलाच ठेवून गिअरमध्ये घालावा व हँडब्रेक लावावा. बाकीच्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर द्यावी. मागे ५०-६० पावलांवर तांबडा चमकणारा त्रिकोण ठेवावा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे.

मग चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करावेत. नंतर जॅक एक्सलखाली पाट्याजवळ लावून उचलावे, घोडा द्यावा आणि चाक बदलावे. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि चाक टेकल्यावर पुन्हा आवळावेत. कारखान्यात पोचल्यावर यार्डात आणखी एकदा पाना लावून पाहावा. निघताना रस्त्यावर ठेवलेले दगड बाजूला करावेत. आपण टाकून गेलेला दगड रात्री एखाद्या मोटारसायकलवाल्याचा घात करतो.

उतारावर, ओल्या पाटाच्या कडेला किंवा ट्रॉली एका अंगाला कलली असेल, तर आधी मोळ्या उतरवाव्यात. दोन तास जातील, जाऊ द्यावेत.

बैलगाडीवाल्यांसाठी एवढेच : टायरच्या गाडीचे चाक उचलण्याआधी बैल सोडावेत आणि गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे टेकू द्यावा. मागे भार असला की गाडी उलाळ होते.

पेटीत काय असावे?

१. भाराच्या दुप्पट ताकदीचा जॅक, दांड्यासह
२. जाड फळ्या, दोन
३. घोडा, अथवा बाभळीचे ठोकळे
४. लाकडी पाचरी, चार
५. नटाच्या मापाचा बॉक्स पाना व पाईप
६. तांबडा त्रिकोण आणि बॅटरी
७. हवेचा मापक, तारेचा ब्रश, जादा नट चार
८. हवा भरलेली, मापाची स्टेपनी

पैशाची ओढ असेल, तर फळ्या, ठोकळे व पाचरी आजच करून घ्याव्यात. त्यांना लाकडापलीकडे खर्च नाही. त्यानंतर पाना, मग जॅक, मग घोडा, असे क्रमाने घ्यावे. घोडा येईपर्यंत ठोकळे वापरावेत, पण नुसत्या जॅकवर काम करू नये.

हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा आपल्या दारात, ड्रायव्हरला बरोबर घेऊन, एक चाक काढून पुन्हा बसवून पाहावे. जॅक उचलून, खाली ठोकळे ठेवून, दहा मिनिटे थांबावे. तो खाली बसतो का, हे तेव्हाच कळेल. जे उणे असेल ते दिवसाउजेडी घरी समजलेले बरे. आपल्या भागातील शेतकी कर्मचारी गटात येतील, तेव्हा त्यांना ही पेटी उघडून दाखवावी, अशी सर्व वाहनमालक सभासदांना विनंती आहे.

– ऊस विकास अधिकारी