मुलाच्या लघवीची धार बारीक झाली तर...

मुलाला ताप आला की शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही कळते. पण लघवीला त्रास होतो हे दहा-बारा वर्षांचा मुलगा अम्मीलाही सांगत नाही, अब्बांना तर नाहीच. हया चांगलीच, पण या गप्प बसण्यात मूत्रपिंडांचे नुकसान होऊ शकते. म्हणून आज आम्ही या विषयावर मोकळेपणाने लिहीत आहोत.

लघवीच्या वाटेला आतून जखम झाली की ती भरताना तिथे कडक व्रण तयार होतो आणि वाट आवळली जाते. सायकलच्या दांड्यावर जोरात आपटणे, अपघातात कमरेचे हाड मोडणे, पूर्वी घातलेली लघवीची नळी किंवा जन्मजात दोषासाठी झालेली शस्त्रक्रिया ही याची नेहमीची कारणे. मार लागल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही त्रास सुरू होतो, तोवर घरचे ते पडणे विसरूनही गेलेले असतात.

खुणा साध्या आहेत. धार बारीक होते, मुलगा कुंथतो, वेळ लावतो, नंतर थेंब थेंब गळत राहते. जळजळ आणि ताप पुन्हा पुन्हा येतो. अशा वेळी दरवेळी फक्त गोळ्या देऊन भागत नाही, कारण शोधावे लागते. जवाच्या पाण्याने किंवा काढ्याने व्रण विरघळत नाही. लघवी पूर्ण अडली किंवा मार लागल्यावर रक्त आले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. आम्हा शिक्षकांनीही लक्षात ठेवावे की, वर्गातून वारंवार बाहेर जाणारा मुलगा कामचुकारच असतो असे नाही. रागावण्याआधी त्याच्या घरच्यांशी बोलावे.

डॉक्टर सोनोग्राफी करतात, धारेचा वेग यंत्रावर मोजतात आणि लघवीच्या वाटेत औषध सोडून एक्स-रे काढतात. त्यात अडथळा कुठे आणि किती लांब आहे ते दिसते.

या उपचाराशी आपला जुना संबंध आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी अंदलुसमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये, कुर्तुबाजवळ राहणाऱ्या अबुल कासिम अल-जहरावी यांनी ‘किताब अल-तसरीफ’मध्ये जन्मतः लघवीचे तोंड बंद असलेल्या मुलांवरील इलाज लिहून ठेवला. बारीक शस्त्राने तोंड उघडायचे आणि ते पुन्हा मिटू नये म्हणून शिशाची सळई काही दिवस ठेवायची. आज सळईच्या जागी रबरी किंवा सिलिकॉनची नळी आली आहे.

वाटेच्या आतला अडथळा मात्र त्यांना दिसत नव्हता. तो दुर्बिणीने दिसू लागला. 1970 च्या दशकात जर्मनीत हान्स साक्से यांनी डोळ्यांनी पाहत आतला व्रण कापण्याची पद्धत रूढ केली. मुलांसाठी दुर्बीण अगदी बारीक असते. भूल देऊन ती लघवीच्या वाटेने आत नेतात आणि छोट्या पात्याने, काही ठिकाणी लेझरने, व्रण कापतात. बाहेर टाका पडत नाही. नळी काही दिवस राहते आणि मुलगा लवकर घरी येतो.

पण एकदा दुर्बीण झाली म्हणजे दुखणे कायमचे गेले, असे समजू नये. अडथळा एकच, साधारण एक सेंटिमीटरहून लहान आणि पहिल्यांदाच असेल, तर यशाची आशा चांगली. लांब किंवा पुन्हा पुन्हा होणाऱ्या अडथळ्यावर दुर्बीण फिरवत राहण्यात फायदा नाही. मग वाट नव्याने बांधण्याची मोठी शस्त्रक्रिया लागते. त्यासाठी कधी गालाच्या आतली त्वचा वापरतात. म्हणून धार सुधारली तरी तपासणीच्या तारखा चुकवू नयेत.

खतन्याबाबतही एक सूचना. जन्मतः छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल, तर बालशल्यविशारदांना दाखवल्याशिवाय खतना करू नये. दुरुस्तीसाठी तीच त्वचा उपयोगी पडते. खतन्यानंतर धार बारीक किंवा तिरकी जाऊ लागली, तर टोकाचे छिद्र आवळले असण्याची शक्यता असते. त्यावर छोटा इलाज आहे.

लघवी गळते म्हणून काही मुले नमाज टाळू लागतात. कपडे नापाक झाले या विचाराने ती कुढतात. आजाऱ्याला दीनमध्ये सवलत आहे. माजूर ठरलेल्याने प्रत्येक नमाजच्या वेळेस नवा वुजू करावा. बाकी तपशील आपल्या आलिमांना विचारून घ्यावा.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. मुंबईत परळचे वाडिया बालरुग्णालय, केईएम आणि सायन येथे मुलांच्या शस्त्रक्रियेचे स्वतंत्र विभाग आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मदत मिळेल का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

हा प्रश्न घरातल्या पुरुषांनीच सोडवायचा आहे. अब्बा, चाचा, मामू यांच्यापैकी कुणीतरी मुलाला बाजूला घेऊन विचारावे, ‘बेटा, लघवीला काही त्रास नाही ना?’ दुआ जरूर करावी, आणि दवाखान्याचा केसपेपरही काढावा.