पिंगळीहून वाँटेजला : इंग्लंडांतील एकट्याचा प्रवास

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हें एक लहानसें स्टेशन आहे. शीघ्र गाड्या येथें थांबत नाहींत; फलाट हादरवून त्या पुढें निघून जातात. येथून दूरच्या प्रवासास निघालेला मनुष्य प्रथम परभणीस येतो व तेथें मोठी गाडी धरतो. गाडी किती उशिरानें आहे, कोणत्या फलाटास लागेल, आपला डबा कोठें येईल, हें तो तिकिटाच्या खिडकीपाशीं, चहावाल्यापाशीं, शेजारीं बसलेल्या अनोळखी गृहस्थापाशीं विचारतो आणि त्यास उत्तरें मिळतात. कित्येकदां तीं विचारण्यापूर्वींच मिळतात. आपल्याकडील प्रवास असा बोलण्यावर चालतो. इंग्लंडांतील प्रवास वाचण्यावर चालतो. हा एक भेद ज्याच्या ध्यानांत आला, त्यास त्या देशांत एकट्यानें हिंडणें अवघड नाहीं. ज्याच्या ध्यानांत आला नाहीं, तो उत्तम इंग्रजी जाणत असूनहि फसतो.

हा विषय केवळ कुतूहलाचा राहिलेला नाहीं. पूर्वीं विलायतेस जाई तो विद्यार्थी किंवा बॅरिस्टर होऊं इच्छिणारा तरुण. आतां मराठवाड्यांतील मुलेंमुलीहि नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक होतात, आणि साठी ओलांडलेले त्यांचे आईबाप सहा महिन्यांच्या परवान्यावर त्यांच्याकडे जाऊन राहतात. मुलगा व सून सकाळींच कामावर जातात, नातवंडें शाळेंत जातात, आणि संध्याकाळपर्यंत घर रिकामें असतें. ज्या गृहस्थांनीं जन्मभर एकट्यानें मुंबई व हैदराबाद केलें, ते शनिवारीं मुलास सवड होईल व तो मोटार काढील, म्हणून खिडकीशीं वाट पाहत बसतात. पायांत बळ असतें, गांठीस थोडे पैसेहि असतात. उणीव असते ती तेथील रीत ठाऊक नसण्याची.

मोटारीवांचून त्या देशांत पाहण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील. मराठी माणसास तर पुष्कळच आहे. पंडिता रमाबाई १८८३ सालीं लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या व वाँटेज या गांवीं ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयास राहिल्या. पुढें १८८४ ते १८८६ त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत होत्या. रघुनाथराव परांजपे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांतून १८९९ सालीं सीनियर रँग्लर झाले. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत शिकत होते. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्यें लंडनच्या हौली प्लेसमधील १० क्रमांकाच्या घरीं राहिले. तेथें आज त्यांच्या नांवाची निळी पाटी आहे. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्यें किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरीं राहत. तें घर महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं विकत घेऊन स्मारक केलें. हीं सर्व स्थळें आगगाडीनें व बसनें गांठतां येतात. सोप्याकडून अवघडाकडे जावें, या शाळेंतील नियमानें तीं पाहिलीं तर तेथील वाहतुकीचे सारे धडे आपोआप होतात.

पहिला धडा लंडनचा. जगांतील पहिली भुयारी रेल्वे १८६३ सालीं येथेंच सुरू झाली. आतां तिच्यासाठीं तिकीट काढावें लागत नाहीं. ऑयस्टर नांवाचें कार्ड आंत शिरतांना यंत्रास लावावयाचें व बाहेर पडतांनाहि लावावयाचें. बाहेर पडतांना तें लावण्यास विसरल्यास सर्वांत अधिक भाडें कापलें जातें. तांबड्या बसमध्यें मात्र चढतांना एकदांच कार्ड लावावयाचें असतें. २०१४ पासून या बसमध्यें रोख पैसे घेतच नाहींत. वाहकापुढें नाणीं मोजण्याची संवय असलेल्यांनीं हें आधींच ध्यानांत ठेवावें. पहिल्या बसपासून एका तासांत कितीहि बस बदलल्या तरी भाडें एकाच फेरीचें पडतें.

टिळकांच्या घरासाठीं वॉरविक ॲव्हेन्यू स्टेशनावर उतरावें. तेथून थोडें चालावयाचें आहे. आंबेडकरांच्या घरासाठीं चॉक फार्म हें स्टेशन. पण येथें वाचनाची पहिली खरी परीक्षा होते. हें स्टेशन ज्या नॉर्दर्न मार्गावर आहे, तो कॅमडन टाऊनपाशीं दुभंगतो. एक फांटा एजवेअरकडे व दुसरा हाय बार्नेटकडे जातो. दोन्ही गाड्या एकाच काळ्या रंगाच्या मार्गावरच्या. एजवेअरची गाडी धरली तर चॉक फार्म येतें, दुसरी धरली तर येत नाहीं. गाडीच्या कपाळावरील नांव वाचल्याशिवाय चढूं नये, हा नियम येथें एकदां पाठ झाला कीं, तो सबंध देशांत उपयोगीं पडतो.

दुसरा धडा लांबच्या गाडीचा. आपणांस एका शहराचें एक मुख्य स्टेशन ठाऊक असतें. लंडनला अशीं स्टेशनें दहाच्या आसपास आहेत, कारण एकोणिसाव्या शतकांत प्रत्येक रेल्वे कंपनीनें आपलें वेगळें स्टेशन बांधलें. पश्चिमेस जावयाचें तर पॅडिंग्टन, वायव्येस यूस्टन, उत्तरेस किंग्ज क्रॉस, नैर्ऋत्येस वॉटर्लू. १९४८ सालीं या कंपन्या सरकारनें घेतल्या, १९९० नंतर पुन्हां खासगी केल्या, आणि २०२४ च्या कायद्यानें त्या परत सरकारकडे आणण्याचें ठरलें. प्रवाशास या इतिहासाचा चटका तिकिटांत बसतो. ऑक्सफर्डला पॅडिंग्टनहून गाडी आहे व मेरिलबोनहूनहि आहे; परंतु एका कंपनीपुरतें काढलेलें स्वस्त तिकीट दुसरीच्या गाडींत चालत नाहीं.

तिकिटांचे मुख्य प्रकार तीन. पहिलें आगाऊ घेतलेलें : तें स्वस्त असतें, पण त्यावर लिहिलेल्या गाडीनेंच जावें लागतें. दुसरें गर्दीच्या वेळा सोडून चालणारें. कामाच्या दिवशीं तें साधारणतः सकाळीं साडेनवाच्या सुमारास लागू होतें. तिसरें कोणत्याहि वेळीं चालणारें, आणि तें सर्वांत महाग. आपल्याकडे आरक्षण नसेल तर प्रतीक्षायादी. तेथें प्रतीक्षायादी नाहीं. तिकीट व बसण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकीट आहे, जागा नाहीं, असें झाल्यास उभें राहून जावयाचें. साठी उलटलेल्यांसाठीं वर्षभराचें एक सवलतीचें कार्ड मिळतें. २०२५ सालीं त्याची किंमत ३५ पौंड होती व त्यावर भाड्याचा तिसरा हिस्सा कमी होतो. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. दोनतीन लांबच्या प्रवासांत ही किंमत वसूल होते. उलट विनातिकीट किंवा चुकीच्या तिकिटानें सांपडल्यास इंग्लंडांत १०० पौंड दंड व वर भाडें, असा नियम २०२३ पासून आहे. ‘ठाऊक नव्हतें’ ही सबब सहसा ऐकली जात नाहीं.

स्टेशनावरील फलकावर गाडीचें अखेरचें स्टेशन ठळक अक्षरांत असतें. आपलें गांव त्याखालील बारीक यादींत शोधावें लागतें. फलाटाचा क्रमांक बहुधा गाडी सुटण्यापूर्वीं थोडीं मिनिटेंच लागतो. तोंवर सारे प्रवासी माना वर करून निमूट उभे असतात. दारें नेमलेल्या वेळेच्या किंचित् आधींच मिटतात. धांवत जाऊन दांडी धरण्याची सोय नाहीं. कांहीं गाड्या वाटेंत दुभंगतात, पुढील डबे एका गांवास व मागील दुसऱ्या गांवास जातात. म्हणून डब्यांतील सूचनाहि ऐकावी व वाचावी. ज्यांस जिना चढणें किंवा सामान उचलणें जड जातें, त्यांनीं आधीं कळविल्यास रेल्वेचे नोकर मदतीस येतात, आणि त्याचे पैसे पडत नाहींत.

तिसरा व शेवटचा धडा वाँटेजचा. रमाबाई तेथें होत्या त्या काळीं वाँटेज रोड हें स्टेशन गांवापासून सुमारें अडीच मैलांवर होतें, व तेथून गांवांत वाफेची ट्राम जात असे. ही ट्राम १८७५ सालीं निघाली व १९२५ सालीं प्रवाशांसाठीं बंद झाली. १९६३ सालीं डॉ. बीचिंग यांच्या अहवालानें दोन हजारांहून अधिक स्टेशनें बंद करण्याची शिफारस केली. त्या काळांतच, १९६४ सालीं, वाँटेज रोड स्टेशनहि मिटलें. लोहमार्ग आहे, गाड्या धांवतात, पण थांबत नाहींत. म्हणून आज डिडकॉट किंवा ऑक्सफर्ड येथें उतरून बसनें जावें लागतें. ही बस थांब्यावर आपण होऊन थांबेलच असें नाहीं. हात पुढें करून तिला थांबवावी लागते. उतरावयाचें असतां घंटीचें बटण दाबावें, आणि उतरतांना चालकाचे आभार मानावेत. तेथें तशी रीत आहे. २०२५ च्या जानेवारीपासून इंग्लंडांतील बहुतेक बसच्या एका फेरीचें भाडें तीन पौंडांवर जाऊं नये अशी मर्यादा घातलेली असून ती मार्च २०२७ पर्यंत ठेवण्याचें ठरलें आहे.

खेड्याकडे जातांना परतीची शेवटची बस प्रथम पाहावी व मगच निघावें. कित्येक मार्गांवर ती संध्याकाळींच संपते. रविवारीं बस नसते किंवा तुरळक असते. रविवारींच रुळांची दुरुस्तीहि निघते आणि आगगाडीऐवजीं मोटारबसनें नेतात. नाताळच्या दिवशीं तर गाड्या धांवतच नाहींत.

इतकें सारें एका दिवसांत अंगवळणीं पडत नाहीं. म्हणून क्रमानें जावें. पहिल्या खेपेस मुलास बरोबर घ्यावें व त्यानें दाखवावें. दुसऱ्या खेपेस त्यानें मागें बसावें व कांहीं बोलूं नये. वडिलांनीं किंवा आईनें स्वतः फलक वाचून गाडी धरावी. तिसऱ्या खेपेस खिशांत घरचा पत्ता व दूरध्वनीचा क्रमांक ठेवून एकट्यानें निघावें. चुकून पुढील स्टेशनावर उतरावें लागलें तरी कांहीं बिघडत नाहीं. पूल ओलांडून समोरच्या फलाटावर जावें व फलक पाहावा. उलट एखादा इंग्रज पिंगळीच्या स्टेशनावर उतरला, तर तोहि प्रथम असाच फलक शोधीत उभा राहील. त्यास कोणी तरी सांगावें लागेल कीं, येथें वाचावयाचें नसतें, विचारावयाचें असतें.