पिवळा दगड सोन्याचा की नुसताच चकचकीत?

विहिरीच्या खोदकामात किंवा खडीच्या ढिगात पिवळा चकाकणारा दगड दिसला की मुले तो उचलून घरी आणतात आणि वस्तीभर बोभाटा होतो, सोने सापडले! कधी कुणी असा दगड स्वस्तात विकायलाही येतो. घामाचा पैसा त्यात जाऊ नये म्हणून काही बिनखर्चाच्या परीक्षा आम्ही येथे देत आहोत.

फुटक्या टाईलची मागची खरखरीत बाजू घ्या. टाईल नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड चालेल. तिच्यावर दगड दाबून घासा व रेघेचा रंग पाहा. सोनार दागिना कसोटीवर घासतो तीच ही रीत. सोन्याची रेघ पिवळीच उमटते. रेघ हिरवट काळी आली तर ते सोने नव्हे. मग चाकूचे टोक ओढून पाहा. ओरखडा पडला नाही तर तो बहुधा पायराइट, म्हणजे लोखंड व गंधक यांचे संयुग. ओरखडा पडला तर तांबे असलेला चाल्कोपायराइट असू शकेल. सोन्याचा कण ठोकला की चपटा होतो, पायराइटचा चुरा होतो. वाळूतल्या पिवळ्या कणांचे सुईने पापुद्रे सुटले तर ते अभ्रक.

फसले म्हणून कुणाला हसू नये. १५७८ साली मार्टिन फ्रॉबिशर या इंग्रज दर्यावर्द्याने आजच्या कॅनडाच्या उत्तरेकडून जहाजे भरभरून दगड सोन्याच्या आशेने इंग्लंडला नेले. ते कवडीमोलाचे निघाले!

काळ्या-करड्या दगडांनाही हीच टाईल उपयोगी. हेमॅटाइट कितीही काळा चमकला तरी रेघ लालसर येते, गेरूसारखी. गेरूचा लाल रंगही त्याचाच. मॅग्नेटाइटची रेघ काळी, आणि जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक त्याला चिकटते. नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजचा पायरोलुसाइट हा दगड बहुधा हाताळतानाच बोटे काळी करतो.

चांदीसारखा चमकणारा, आकाराच्या मानाने फार जड आणि फुटताना चौकोनी तुकडे पडणारा दगड मात्र जपून हाताळा. तो गॅलेना असेल तर त्यात शिसे असते. मुलांना तोंडात घालू देऊ नका, हात साबणाने धुवा. कोणताही चमकदार दगड घरच्या पाट्यावर कुटू नका, आणि वितळतो का हे पाहायला चुलीत तर मुळीच टाकू नका. काहींत सोमल असतो, त्याचा धूर विषारी.